ओलं जाळं

वैरागजवळच्या तळ्यात हिंदुराव मासेमारी करायचा. शेजारच्या तळ्यातला बारीक काटेरी पाणकिडा इथंही आला, आणि तो घशात अडकून माशांची पिल्लं मरू लागली. "तुज्याच वल्या जाळ्यानं आणला!" हिंदुरावाने तिकडच्या मेहुण्याला, सयाजीला, बोलावून चारचौघांत झापलं.

"दाजी, मागल्या खेपंला माजं जाळं वलं म्हून तुमी येशीवरनंच परत धाडलं हुतं की," एवढंच बोलून सयाजी मान खाली घालून निघाला.

सारजाबाई नवऱ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "भावानं माज्यासाठी तिकडल्या तळ्यातले जित्ते मासे दिलते. त्या बादलीतलं पाणी तुमीच ह्या तळ्यात वतलं की."


सयाजी अजून हाकेच्या अंतरावर होता, पण हिंदुरावाच्या तोंडून हाक काही फुटेना.