दुसरा नारळ

होडी उलटून मुलगा बुडाला, भिवाच्या डोक्याला मार बसला. तेव्हापासून त्याला नवं काही लक्षात राहीना. मुलाचं खरं सांगितलं, की रोज नव्यानं हंबरडा. म्हणून बायको, धोंडूबाई, ‘बर्फ आणायला गेलाय’ म्हणू लागली. मेंदूवर संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाई सत्याऐंशी साली रत्नागिरीत महिनाभर त्याच्याकडून पाच शब्द घोकून घेत होत्या. वहीत नुसती शून्यं. “शिळी थाप रोज ताजी खपते, बाय,” धोंडूबाई सांगे. नारळी पौर्णिमेला होडीवर जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाच्या नावचा नारळ दर्याला देतात, मेलेल्याचा नाही. तिनं भिवाच्या हातात दोन दिले. भिवानं एक सोडला, दुसरा तिच्या ओटीत ठेवला. “अवो, ह्यो पोराचा!” “हात उठत नाय. का, म्हायत नाय.” किनाऱ्यावर वही घेऊन उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंचं पेन वाळूत पडलं. लगेच त्यानंच विचारलं, “पोरगा कुटं गेला गो?” धोंडूबाईला रोजचं उत्तर आठवेना.