खिशातली पुडी

फाटकावरच अनंतरावांना त्या माणसाची किळस आली. पांढरा सदरा, पांढरी टोपी, इथवर ठीक होतं. पण सदऱ्याच्या खिशातून खर्र्याचा वास येत होता. तंबाखू, सुपारी आणि चुना एकत्र घोटल्याचा तो ओला वास अनंतरावांच्या चांगल्या ओळखीचा होता. धंतोलीत त्यांच्या इमारतीत खाली दवाखाना होता, आणि तिथे येणाऱ्यांनी जिन्याचे कोपरे लाल करून ठेवले होते. नाक दाबून ते धुवायचं काम अनंतरावांकडेच होतं.

लष्कराच्या मुख्यालयाची इमारत आज लोकांना आतून दाखवणार होते. दाखवणार होती अनंतरावांची मुलगी, कॅप्टन मधुवंती. तिची ही पहिलीच वेळ, त्यात तिचे मोठे साहेब मागून चालणार होते. या माणसाने आत एक पिंक टाकली की पोरीची शोभा झालीच म्हणून समजा.

फाटकावर सगळ्यांचा तंबाखू काढून घेत होते. अनंतरावांनी पहारेकऱ्याला मुद्दाम सांगितलं, यांचा खिसा नीट बघा. त्याने बघितला, पन्नीत बांधलेली पुडी बाहेर काढली. तो माणूस त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. पहारेकऱ्याने पुडी परत खिशात ठेवली आणि वरून बटणसुद्धा लावून दिलं. इथेही वशिला! अनंतरावांना शिसारी आली.

आत तर त्यांचं डोकंच फिरलं. लोक तोफेला टेकून उभे राहत होते. एकाने कॅन्टीनमधली बाटली आम्हालेबी भेटते का, असं विचारलं आणि बाकीचे फिदीफिदी हसले. मधुवंती जुने नकाशे दाखवत होती, पण अनंतरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते त्या माणसाच्या तोंडावर नजर ठेवून होते. भिवापूरहून आलेला धोंडबा, असं कोणीतरी म्हणालं. अख्ख्या फेरीत तो अवाक्षर बोलला नाही. तोबरा भरला असला की माणूस गप्पच राहतो, हे अनंतरावांना माहीत होतं.

शेवटी सगळे अंगणातल्या स्मारकापाशी आले. काळ्या दगडावर जवानांची नावं कोरलेली होती. मधुवंतीने प्रत्येकाच्या हातात झेंडूची फुलं दिली. लोकांनी ती पायरीवर वाहिली. धोंडबानेही वाहिली. मग त्याने खिशाचं बटण काढलं आणि ती पुडी फुलांच्या मधोमध ठेवली.

अनंतरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते पुढे झाले, दोन बोटांच्या चिमटीत पुडी उचलली आणि भिंतीजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. खिशातून रुमाल काढून बोटं खसाखसा पुसली.

"लाज नाही वाटत? ही काय थुंकायची जागा आहे?"

मधुवंतीचा चेहरा उतरला. मागचे साहेब जागीच थांबले. धोंडबाने तोंड उघडलं. तोंडात काही नव्हतं. दात स्वच्छ, पांढरे होते.

"मी नाही खात, साहेब. माहा पोरगा दुर्गेश खाये." त्याने दगडावरच्या अगदी खालच्या नावाकडे बोट केलं. "मले लय घिन ये त्या खर्र्याची. आखरी सुट्टीवरून जाऊन राहिला होता, तवा त्याच्या बॅगमधली पुडी काढून म्या नालीत फेकली. तिकडे भेटत नाही बाबा, राहू द्या, म्हने."

मधुवंती डब्यापाशी गेली, वाकली आणि आत हात घातला. अनंतरावांची बोटं रुमालातच राहिली होती. धोंडबा त्या बोटांकडे बघत होता.

"म्याबी अशीच फेकली होती, साहेब," तो म्हणाला. "अशीच, दोन बोटांत धरून."