काचेचे पल्ले

"हे काय आहे?" नवऱ्याने विचारलं.

स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटांना गुंडाळलेला कागद त्याने नुकताच ओढून काढला होता. कागदाखाली लाकूड नव्हतं. आरपार दिसणारी काच होती.

"काच आहे, साहेब," मिस्त्री म्हणाला.

"ते मलाही दिसतंय. मी कपाटांच्या दारांना लाकडी पल्ले सांगितले होते. आमच्या घरातला कुठला डबा भरलाय आणि कुठला रिकामा, ते आल्यागेल्याला कळायला हवंय का? दुकान थाटलंय मी इथे?"

मिस्त्रीचं नाव दोन गोष्टींसाठी होतं. एक कामाची सफाई आणि दुसरी भांडणं. कपाट तिरकं बसलं तर तुमची भिंतच वाकडी आहे, असं तो घरमालकाला पटवून देई आणि वर त्याच्याकडूनच सॉरी म्हणवून घेई. पण आज त्याने मान खाली घातली होती.

"चूक झाली, साहेब. दुसऱ्या घरच्या कामात आणि तुमच्या कामात घोळ झाला."

बायको ओट्याची कड धरून उभी होती. मिस्त्री धडधडीत खोटं बोलतोय हे तिला माहीत होतं. ते खोटं तिनेच त्याला शिकवलं होतं.

आधी तिचे शब्द हरवायला लागले होते, मग वस्तू. साखरेचा डबा नक्की कुठल्या दारामागे आहे, हे आठवत ती बंद कपाटांसमोर उभी राही. मग एकेक दार उघडत सुटे आणि शेवटच्या दारापर्यंत पोचेतो आपण काय शोधत होतो तेच विसरे. मैत्रिणीकडे जाते असं सांगून ती एकटीच डॉक्टरांकडे गेली. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. ते तिने घरी आणलंच नाही.

नवरा फार काळजी करणारा. तिला साधी कणकण आली तरी तो उशाशी बसून राही. हे कळलं असतं तर त्याने तिला शेगडीपाशी फिरकूही दिलं नसतं. आणि स्वयंपाकघर हातचं गेलं की आपण या घरात नुसत्या बसून राहणार, याची तिला भीती वाटे.

नवं स्वयंपाकघर करायचं नवऱ्याच्याच मनाने घेतलं. तेव्हा ती हळूच मिस्त्रीच्या कारखान्यात जाऊन आली. काच बसवा, ह्यांना सांगू नका, विचारलं तर चूक झाली म्हणा, असं तिने सांगितलं. कारण विचारलं तर सांगायला एक लांबलचक गोष्ट तिने रचून ठेवली होती. पण मिस्त्रीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि "बरं, काकू," एवढंच म्हणाला.

मग तिच्या जिवाला घोर लागला तो नवऱ्याचा. दर सुट्टीला तो काम बघायला कारखान्यात जाई. चपलांना भुसा लावून परत येई आणि जेवताना लाकडाचं कौतुक करी. ती घाईने भाजी वाढायला घेई. आयुष्यभर नकाशे काढलेला माणूस, केसभर चूकही त्याच्या नजरेतून सुटत नसे. पण एवढी मोठी काच काही त्याला दिसली नाही. पुरुषांचं लक्ष कुठे असतं देव जाणे, असं म्हणून तिने सुटकेचा निःश्वास टाकला होता.

"काढा हे," नवरा आता म्हणत होता. "सगळे पल्ले उतरवा आणि घेऊन जा."

मिस्त्रीने खरंच पेचकस हातात घेतला. ती पटकन पुढे झाली.

"अहो, राहू द्या ना," ती म्हणाली. "मला आवडलं."

"तुला आवडलं?"

"उजेड वाटतो. ओळीने डबे लावून ठेवीन, छान दिसेल."

"बोटांचे डागही दिसतील."

"पुसत जाईन मी."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा मिस्त्रीवर घसरला. "हिच्यामुळे वाचलात. पण असं सोडणार नाही मी. सगळं दिसणारच आहे तर नीट तरी दिसू दे. प्रत्येक कपाटात आतून दिवा लावून द्यायचा. आणि काच जाड आहे ना? कोणाचा हातबित कापायला नको."

"जाड आहे, साहेब. दिवे लावतो."

तिला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून ती पाठमोरी झाली आणि चहाचं आधण ठेवलं. चहा आणि साखरेचे डबे अजून ओट्यावर, समोरच होते. कितीतरी दिवसांनी तिने कुठे न अडता चहा केला.

मिस्त्रीने उभ्याउभ्याच कप रिकामा केला आणि हत्यारांची पिशवी उचलली.

"थांबा, मीही खाली येतो," नवरा म्हणाला. "माझं बोलणं संपलेलं नाही."

"पुरे की आता," ती म्हणाली. "किती बोलाल त्या बिचाऱ्याला?"

नवरा मिस्त्रीच्या मागोमाग बाहेर पडला आणि त्याने दार ओढून घेतलं. दोघे एक जिना उतरले. वळणावर नवरा थांबला. त्याने कठड्याला हात टेकला.

"फार लागलं का हो माझं बोलणं?" तो हळू आवाजात म्हणाला.

"नाही, साहेब."

"काच बसवा म्हणून पहिल्याच दिवशी तुम्हाला सांगून गेलो, तेव्हा इतकं ओरडावं लागेल असं वाटलं नव्हतं. पण तीही गुपचूप काचच सांगून गेली असं तुम्ही म्हणालात, मग ओरडल्याशिवाय तिला खरं वाटलं नसतं." त्याने चष्मा काढून डोळे पुसले. "तिच्या आजाराचं मला काही माहीत नाही, अशी तिची समजूत आहे. तेवढी तशीच राहू द्या."