धुतलेलं फडकं

ताईंनी फडकं नाकाशी नेलं आणि त्यांच्या भुवया जवळ आल्या.

"बाबा, हे धुतलंत?"

त्याने मागे वळून पाहिलं. नवजात बाळांच्या या कक्षात 'बाबा' म्हणजे आपणच, हे अजून त्याच्या अंगवळणी पडलं नव्हतं.

"धुतलं की. दोनदा. वर कडक इस्त्री." लाँड्रीवाल्याचा नेहमीचा अभिमान त्या शब्दांच्या अर्ध्या वाटेतच विझला.

नव्या आईबापांना हात धरून काचेच्या पेटीपर्यंत आणायचं, हे ताईंचं इथलं काम. काल त्यांनीच हे मऊ फडकं त्याच्या हाती दिलं होतं. बाळ अपुऱ्या दिवसांचं. आई शस्त्रक्रियेनंतर तापाने फणफणलेली, गावाबाहेरच्या दवाखान्यात. तिला येता येत नाही, तर तिचा वास तरी येऊ दे. रात्रभर तिच्या गळ्याशी ठेवा, सकाळी आणा.

त्याने ठेवलंही होतं. पण सकाळी ते घामेजलेलं कापड हातात घेतल्यावर त्याला ते तसंच नेववेना. असलं मळकं फडकं, त्या जागेत?

ती जागा त्याच्या आकलनापलीकडची होती. तिथे अंगठी काढायची, डोकं झाकायचं, कोपरापर्यंत हात खळखळून धुवायचे. बाळाला हात लावा, म्हणत. लावला की, कुरवाळू नका, म्हणत. यंत्राच्या पडद्यावरचे हिरवे आकडे चढले तरी धावपळ, उतरले तरी धावपळ. आणि एवढ्या लख्ख, निर्गंध पांढरेपणाला हवा होता घाम! कशाचा कशाला मेळ नव्हता.

"अहो, वहिनींचा वासच धुऊन आलात की तुम्ही!"

"वास घालवणं हाच माझा धंदा, ताई." तो ओशाळून हसला. "चुकलंच."

पेटीत बाळ तळमळत होतं. चिमूटभर चेहरा आणि त्यावर आभाळाएवढा त्रागा. "सकाळपासून असंच चाललंय," सिस्टर म्हणाल्या, "कशानं म्हणून समजूत पटत नाही याची." त्याला वाटलं, आईची एकुलती एक खूण आपण साबणाच्या पाण्यात सोडून दिली. उद्या ती आली आणि यानं तिला ओळखलंच नाही तर?

"असू दे," ताई म्हणाल्या. "आजच्यापुरतं नुसतं टेकायला ठेवू. उद्या मात्र हात आवरा, काय?"

सिस्टरनी फडकं बाळाच्या गालाशी सरकवलं.

बाळाचं तोंड वळलं. अंधारात ओळखीचं दार चाचपडावं तसं, थांबत थांबत. गाल फडक्याला टेकला. मूठ उलगडली. यंत्राची कुरकुर थांबली आणि हिरवे आकडे, प्रथमच, जागच्या जागी राहिले.

तो आकड्यांकडे भेदरून पाहत राहिला. आता हे चांगलं की वाईट?

ताईंनी आपली बोटं नाकाशी नेली. साबण. वाफ. तापलेलं सूत. गोंधळायची पाळी आता त्यांची होती.

"बाबा, वहिनी काय काम करतात हो?"

"ती?" हा प्रश्न मध्येच कुठून आला, ते त्याला कळेना. "माझ्या शेजारच्याच टेबलावर इस्त्री करते. कळा आल्या, त्या सकाळीसुद्धा वाफेतच उभी होती."