खडीचा ढीग

टिटवीनं खडीच्या ढिगाच्या सपाट माथ्यावर अंडी घातली, उबवली, पिल्लं पळूही लागली. तोवर त्या खडीला कुणी हात लावला नव्हता. शेजारीच मालनबाई दुष्काळी कामावर दगड फोडून नवा ढीग रचत होती. गावची विहीर मात्र गाळानं भरलेली, घागरभर पाण्यासाठी अख्खी सकाळ जायची.

“टिटवीचं बाळंतपण उरकलं, मुकादम. रस्ता कवा व्हायचा?”

मालनबाईच्या बोलण्यावर बरोबर दगड फोडणाऱ्या बाया हसल्या.

“तुला काय करायचंय? साहेब यायलेत, हात हलताना दिसू दे.”

बायांमध्ये इतके दिवस जे नुसतं कुजबुजलं जात होतं, ते मालनबाई हातोडा खाली ठेवून मोठ्यानं बोलली, “उद्यापासून आमी सगळ्या विहिरीतला गाळ काढणार. हजेरी तिथं येऊन घ्या.”