काळोशी बेटावरचा एकशे चाळिसावा

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी ड्रोनने काळोशी बेटावर बुलबुलांचा पिंजरा उतरवला. बेटावरची एक जात संपली की मुख्यालय दुसरी धाडते. एकशे चाळीस हा आकडा राखणे, यालाच तिथे निसर्ग म्हणतात. या वेळी बेटावरचा बेडूक संपल्याचे जाहीर झाले, कारण बेटावरच्या आवाज टिपणाऱ्या यंत्राला महिनाभर त्याचा आवाज आला नव्हता. ही जात जगात दुसरीकडे कुठेही नाही.

“साहेब, तो माझ्यासमोर बसलाय,” रखवालदार रेवती मयेकर फोनवर म्हणाली. “मे महिन्यात कुठला बेडूक ओरडतो?”

“एकशे एक्केचाळीस चालत नाहीत, बाई. सहाच्या आत यंत्राने ऐकलं तर पिंजरा परत नेऊ. नाहीतर बेडूक काढून टाका.”

पाच चाळीसपर्यंत रेवतीने यंत्राखाली बसून बेडकावर सात झाऱ्या पाणी ओतले होते. बेडूक ओरडलेला नव्हता.