शुक्रवारची सुटका

नर्सची नोकरी संपवून फ्लोराबाई ठाण्याहून इस्राएलमधल्या येरुहाम गावी लेकीकडे आल्या आणि म्हाताऱ्या गाढवांच्या पांजरपोळात बिनपगारी राबू लागल्या. तिळाच्या घाण्यावरून सोडवलेलं एक गाढव तिथे मोकळ्या वाळूतही दिवसभर गोलच फिरायचं. “झापडं तर आम्ही पहिल्याच दिवशी फेकली,” पांजरपोळवाली बत्या म्हणाली. फ्लोराबाईंना शनिवार पाळणाऱ्या आपल्या ज्यू वडिलांच्या तेलघाण्याचा बैल आठवला. त्याच्याच जिवावर घर चाललेलं. शुक्रवारी सूर्य कलला की वडील त्याच्या डोळ्यांवरची झापडं सोडत, कपाळाला बोटं लावून ती ओठांना टेकवत. तेव्हाच बैल बसे. आजही शुक्रवारच होता. सूर्य कलताना गाढवाच्या डोळ्यांवर पदर धरून बाई त्याच्यासोबत एक फेरी चालल्या आणि पदर काढून म्हणाल्या, “आमच्यासाठी पुष्कळ राबलास, राजा. उद्या शब्बाथ, सुट्टी.” गाढव थांबलं, गुडघे मोडून वाळूत बसलं. बाईंनी त्याच्या कपाळाला लावलेली बोटं ओठांना टेकवली.